बुधवारचा रंग कोणता?

आमच्या तालुक्याच्या गावात एसटी स्टँडपासून मारुतीच्या देवळापर्यंतचा रस्ता सहा दिवस रस्ता असतो, बुधवारी बाजार. पहाटे चारला पहिला टेम्पो लागतो. सातपर्यंत मेथीच्या जुड्या आणि विळे-खुरप्यांची गोणपाटं पसरून डांबर दिसेनासं होतं. जागा कुणी आखून दिलेल्या नाहीत, पण मिरचीवाल्या मावशींच्या जागेवर दुसरं कुणी बसत नाही. नव्या विकास योजनेसाठी तयार झालेला जमीन वापराचा नकाशा मध्यंतरी पडद्यावर पाहायला मिळाला. घरं, विहिरी, विजेचे खांबसुद्धा जागच्या जागी होते. बाजार तेवढा नव्हता. ड्रोन बहुधा मंगळवारी उडाला असावा.

‘आधी पाहणी, मग आखणी’ हा आग्रह आपल्याकडे रुजवला पॅट्रिक गेडिसने. मूळचा जीवशास्त्रज्ञ असलेला हा स्कॉटिश गृहस्थ १९१४ मध्ये भारतात आला. मुंबई इलाख्याचा नगररचना कायदा १९१५चा, आणि त्याच साली गेडिसने इलाख्यातल्या सहा शहरांवर अहवाल लिहिले. त्यांत ठाणं आणि वांद्रंही होतं. त्याची पद्धत सोपी आणि दमवणारी होती. तो पायी हिंडायचा. सरळ रस्त्यासाठी इंजिनिअर गल्लीच्या गल्ली पाडायला निघत, तिथं हा एखादं पडकं घर काढून आड, झाड आणि चौक राखायचा. होळकरांच्या इंदुरात तर त्याने दिवाळीची मिरवणूकच कामाला लावली. ज्या गल्ल्या सर्वांत स्वच्छ आणि डागडुजी केलेल्या, त्यांतून मिरवणूक जाईल, असं जाहीर केलं. लोकांनी घरं झाडली, रंगवली. त्या शहराचा त्याचा अहवाल १९१८चा. त्याच्या लेखी शहर म्हणजे इमारतींइतकाच तिथला दिनक्रम आणि सणवार.

पुढे १९६६चा प्रादेशिक व नगररचना अधिनियम आला आणि प्रारूप योजनेआधी विद्यमान जमीन वापराचा नकाशा करणं बंधनकारक झालं. पाहणी कायद्यात शिरली खरी, पण हिंडणं सुटलं. लहान गावाला स्वतःचा नगररचनाकार कुठून असणार? बाहेरून अधिकारी येत, जुन्या मोजणीच्या नकाशांवर काम चाले. त्या मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ आणे. साखळीचा चौरस म्हणजे एक गुंठा. मोजणी चोख होती, पण शेताची. गाव त्या कागदाबाहेर वाढत गेलं, आणि मैदानाचं आरक्षण पडेपर्यंत त्या जागेवर दोन मजले उभे राहिलेले असत. ज्याची जागा खरोखर मोकळी, त्याची वेगळीच रड. दहा वर्षं ना ताबा, ना मोबदला. मग ‘जागा घ्या, नाहीतर सोडा’ म्हणून मालकाने द्यायची कलम १२७ची नोटीस. ‘जमीन डीपीत गेली’, म्हणजे विकास योजनेत गेली, हे वाक्य आपल्याकडे कुणी वारल्यासारखं उच्चारतात, ते उगाच नाही.

या पार्श्वभूमीवर नव्या नकाशांना नाकं मुरडणाऱ्यांत मी नाही. २०१५च्या अमृत योजनेत पाचशे शहरांचे आराखडे संगणकीय नकाशांवर करायचं ठरलं. पन्नास हजार ते एक लाख वस्तीच्या गावांची पाळी २०२१च्या दुसऱ्या टप्प्यात आली. गावठाणातल्या घरांना कागद नव्हता, त्यांची ड्रोनने मोजणी सुरू झाली. पुरंदर तालुक्यातल्या सोनोरीत त्याचा पहिला प्रयोग झाला. पूर्वी आपली जमीन कोणत्या झोनमध्ये आहे हे कळायला चार हेलपाटे आणि आठ चहा लागत. जिथं नकाशे ऑनलाइन आले, तिथं गट नंबर टाकला की दिसतं. हे लहान काम नव्हे.

आणि खरी गंमत इथंच आहे. कागदी नकाशात एका जागेला एकच रंग देता येई: पिवळा म्हणजे राहती वस्ती, निळा म्हणजे व्यापार. बुधवारचा रंग वेगळा दाखवायची सोयच नव्हती. संगणकात प्रत्येक आकृतीमागे तक्ता असतो, त्यात हवे तेवढे रकाने वाढवता येतात. वार, वेळ, पालखीचा मार्ग, शेजाऱ्याच्या अंगणातून जाणारी वहिवाट, पावसाळ्यात तुंबणारा बोळ, सगळं त्यात मावेल. गेडिसला हवी होती ती वही आज पहिल्यांदाच आपल्या हातात आहे. पण साचा वरून ठरून येतो, काम ठेक्याने दिलं जातं, आणि ठेकेदाराचं बिल निघतं ते ठरलेले रकाने भरल्याचं. बुधवारचा रकाना कुणी मागितलेलाच नाही. दोष ड्रोनचा नाही. छपरं पाहायला पाठवलं, त्याने छपरं पाहिली. मिरचीवाल्या मावशींना विचारायला कुणाला पाठवलं नाही, हा दोष आपला.

तुमच्या गावाची प्रारूप योजना हरकतींसाठी लागली की सगळे आरक्षणांच्या यादीत आपला गट नंबर शोधायला धावतील. तुम्ही तोही शोधा, पण आधी विद्यमान जमीन वापराचा नकाशा मागा आणि त्यावर आठवडे बाजार कुठं आहे ते बघा. नसेल, तर मुदतीत लेखी हरकत द्या. पोच मात्र आठवणीने घ्या.