राजघाटावरचा गाळ

2014 च्या ऑगस्टमध्ये ग्रीसचे तेव्हाचे पंतप्रधान अँटोनिस सामारास अँफिपोलिसला गेले आणि कास्ता टेकडीत सापडलेल्या प्राचीन थडग्याची वार्ता जगभर झाली. टेकडीभोवती 497 मीटर घेराची भिंत, दारावर दोन स्फिंक्स, आत दोन उंच स्त्रीमूर्ती, जमिनीवर पर्सिफोनीच्या अपहरणाचं रंगीत खड्यांचं चित्र. पुढचे काही महिने सगळ्यांना एकाच प्रश्नानं पछाडलं होतं: आत कोण? अलेक्झांडरची आई, त्याची बायको, की त्याचा मित्र हेफेस्टिऑन? शेवटी हाडं निघाली ती किमान पाच जणांची. साठी उलटलेली एक बाई, दोन पुरुष, एक तान्हं मूल आणि दहन झालेलं आणखी कोणी. उत्खननाच्या प्रमुख कातेरिना पेरिस्तेरी यांनी 2015 मध्ये हेफेस्टिऑनचं नाव पुढे केलं, पण ते सर्वांनी मानलं नाही.

या गदारोळात एक गोष्ट मागे पडली. ती दालनं वाळूमातीनं भरलेली होती आणि दारं दगडांनी चिणलेली होती. हे कोणी केलं, कधी केलं, कशासाठी? याचं उत्तर त्या मातीच्या थरांतच असणार होतं. पण सगळं जग दारात ताटकळलेलं असताना माती हा अडथळा वाटतो, पुरावा वाटत नाही. उत्खनन घाईनं आणि प्रसिद्धीच्या झोतात चाललं आहे, अशी टीका खुद्द ग्रीसमध्येच झाली.

सातारकरांनी हे प्रकरण मुद्दाम वाचावं असं मला वाटतं, कारण आपल्याही राजघराण्याची समाधिभूमी वाळूखाली गेलेली आहे. साताऱ्याच्या पूर्वेला कृष्णा आणि वेण्णा मिळतात. तिथे एका काठावर संगम माहुली आणि समोर क्षेत्र माहुली. श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी बांधवलेल्या विश्वेश्वराच्या देवळाकडे पर्यटक जातात, छायाचित्रं काढतात. नदीकडेच्या राजघाटावरच्या समाध्यांकडे फारसं कोणी वळत नाही. थोरले शाहू महाराज 15 डिसेंबर 1749 ला गेले, ताराबाई 1761 च्या डिसेंबरात. मराठ्यांच्या राजकारणाची सूत्रं ज्यांच्या नावानं हलली, त्या शाहूंची समाधी म्हणजे घाटालगतचा एक साधा चौथरा. ताराबाईंची समाधी तर पुराच्या वाळूत गडप झाली होती. शाहूंच्या लाडक्या खंड्या कुत्र्याचंही स्मारक इथंच आहे. त्याची गोष्ट मात्र गावात सगळ्यांना पाठ असते!

कास्ताचं थडगं तेवीसशे वर्षांपूर्वीचं, आपल्या समाध्या पावणेतीनशे वर्षांच्या आतबाहेरच्या. म्हणजे विस्मरणाला युगं लागत नाहीत. समाधीपुढचा दिवा तेवत ठेवायला तेल लागतं, तेलाला नेमणूक लागते आणि नेमणुकीला राज्य लागतं. 1848 मध्ये डलहौसीनं साताऱ्याचं राज्य खालसा केलं. पुढचं काम कृष्णेनं केलं.

गेल्या काही वर्षांत साताऱ्यातल्या तरुण अभ्यासकांनी आणि संस्थांनी इथं श्रमदान केलं, वाळू उपसली, झाडोरा काढला. येसूबाईंच्या समाधीची जागा जुन्या कागदांच्या आधारे पुढे आणली. हे काम मोठं आहे आणि सरकारच्या आधी लोकांनी केलं, हे नोंदवलंच पाहिजे. तरीही खोदकामाकडून आपण जे मागतो, ते मला चुकीचं वाटतं. आपल्यालाही नावच हवं असतं. पण माहुलीत दहन झालं आहे, राख कृष्णेत गेली आहे. चौथऱ्याखाली सापडली तर चिमूटभर रक्षा सापडेल, आणि रक्षेवर कोणाचं नाव नसतं. कुठली समाधी कोणाची, हे सांगणार मोडी कागद: पूजेच्या नेमणुका, जमिनींच्या सनदा, खर्चाचे हिशेब. पुण्याच्या पेशवे दप्तरात अशा कागदांचे हजारो रुमाल आहेत. त्यासाठी फावडं नको, मोडी वाचणारी माणसं हवीत.

नाव टिकवण्याची आणखी एक रीत मिरजेत दिसते. उस्ताद अब्दुल करीम खाँ 1937 मध्ये गेले, त्यांचं दफन मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात झालं. दरवर्षी उरुसाला तिथं गवई येतात, गातात. ती कबर शोधायला कोणाला खोदावं लागणार नाही. माहुलीच्या राजघाटाला असा नेम उरला नाही.

मग माहुलीत खोदून मिळण्यासारखं काय आहे? माझं उत्तर आहे, गाळ. इथल्या चौथऱ्यांची वर्षं आपल्याला ठाऊक आहेत. एखादा चौथरा 1761 नंतरचा असेल, तर त्याच्या फरसबंदीवर साचलेला प्रत्येक थर त्यानंतरचाच. कुठला जाड वाळूचा, कुठला बारीक मातीचा, मध्येच कोळसा, खापरी, बांगडीचा तुकडा. वर धोम आणि कण्हेर धरणं झाल्यावर नदीचा स्वभाव बदलला, त्याचीही खूण थरांत असू शकते. नर्मदा आणि तापीच्या काठी अशाच पूरगाळावरून जुने महापूर वाचण्याचं काम पुण्याचे भूरूपशास्त्रज्ञ विश्वास काळे यांनी केलं आहे. एक पूर दुसऱ्याचा थर खरवडून नेतो, त्यामुळे वाचन सोपं नाही. पण थर उपसून ट्रॉलीत भरले की अवघड वाचनही संपतं.

यात कृष्णेच्याच काठी खाली वसलेल्या सांगलीचा स्वार्थ आहे. सांगलीकर पूर मोजतात आयर्विन पुलावर. तो पूल 1929 चा, धोक्याची पातळी 45 फूट, आणि 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं. त्याआधी असं किती वेळा झालं, हा प्रश्न पूररेषेच्या प्रत्येक वादात येतो आणि पुलाच्या वयापाशी अडतो. माहुलीचा गाळ सांगलीचा पूर सांगणार नाही, हे खरं. कोयना खाली कऱ्हाडला मिळते, वारणा हरिपूरला. पण कृष्णा-वेण्णेचा वाटा तरी तो सांगेल, आणि तोही अडीचशे वर्षांचा.

उत्खननात खड्ड्याची एक बाजू मुद्दाम न खणता उभी ठेवतात, पुढच्या अभ्यासकाला थर पाहता यावेत म्हणून. माहुलीत समाधीच्या एखाद्या कडेला गाळाची अशी हातभर रुंद भिंत ठेवायला खर्च फार नाही. तिची उंची मोजायची, छायाचित्रं घ्यायची, मातीचे नमुने प्रयोगशाळेत पाठवायचे. अडचण आहे ती सुशोभीकरणाची. घाटाचा आराखडा कागदावर आला की त्यात फरशी असते, दिवे असतात, कठडा असतो. त्यात गाळाच्या भिंतीला जागा मागायची, तर ती मागणी साताऱ्यासोबत सांगलीच्या पूरनियंत्रण बैठकीतूनही यायला हवी, आणि तीही पुढच्या पावसाळ्याआधी.