शेवाळ कोणाचं?

गळ्यात तुळशीची माळ आणि कोपरापर्यंत हात माशांच्या पाण्यात, हे ध्यान बघून विरारच्या मनवेलपाड्यात हसणारे पुष्कळ आहेत. अर्नाळ्याचा माझा एक मित्र, पिढ्यान्‌पिढ्यांचा कोळी, तोंडावर म्हणतो, "खात नाहीस म्हणून काय झालं? पोट तर माशांवरच भरतोस." मी त्याच्याशी वाद घालत नाही. घरांतले, दवाखान्यांतले, दुकानांतले फिश टँक साफ करणं हा माझा धंदा. पण हिशेब मांडला तर माझं पोट माशांपेक्षा शेवाळावर जास्त आहे. काचा हिरव्या झाल्या नाहीत तर मला कोण बोलावणार?

त्यामुळेच असेल, पण हे शेवाळ नक्की कोणाचं, ते काढायचा अधिकार कोणाला आणि काढल्यावर हाताला काही लागतं की नाही, हा घोळ माझ्या डोक्यात कायम चालू असतो. गिऱ्हाइकाला एवढंच हवं असतं की पाहुणे यायच्या आत काच चकचकीत दिसावी.

एका दवाखान्यात वेटिंग रूममध्ये तीन फुटी टँक आहे. आत आठ लाल-सोनेरी गोल्डफिश आणि एक काळा. हा नऊचा आकडा चिनी फेंगशुईतला, आपल्याकडे येऊन तो वास्तुशास्त्र झाला. त्यातला एखादा मेला की रिसेप्शनवरच्या ताईंचा फोन येतो. आवाजात दुःख कमी आणि सुटल्यासारखं जास्त. "दादा, काळा गेला. डॉक्टरांवरचं काहीतरी घेऊन गेला बघा." मग मी नवा काळा घेऊन जातो.

हा समज मला अजिबात सोसत नाही. तीन फुटी टँकमध्ये पाणी मावतं जेमतेम सव्वाशे-दीडशे लिटर. गोल्डफिश खादाड, तितकाच घाण करणारा. त्याच्या विष्ठेतून, कल्ल्यांतून आणि तळाशी कुजणाऱ्या दाण्यांतून अमोनिया सुटतो. फिल्टरच्या स्पंजमध्ये जिवाणूंची वस्ती असते. त्यातले काही अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. नायट्रेट माशाला बरंच सोसतं, अमोनिया नाही. आता कोणी उत्साहाच्या भरात तो स्पंज नळाखाली धरून लख्ख धुतला, की नळाच्या क्लोरीननं ती वस्ती उठते आणि दोन-चार दिवसांत मासे वरच्या वर तोंड वासून श्वास घ्यायला लागतात. मासा आपल्यावरचं संकट घेऊन गेला हे एका अर्थी खरंच. फक्त ते संकट आपणच त्याच्या पाण्यात सोडलेलं असतं. मरणाला शकुनाचं नाव दिलं की स्पंज कोणी धुतला हे विचारायची गरज उरत नाही.

आमच्या वसई-विरारच्या मातीत या विषयावरचा फार जुना शेरा सापडलेला आहे. सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. तिथे 1882 साली भगवानलाल इंद्रजींनी बुरूड राजाच्या कोटाचं उत्खनन करून स्तूप उजेडात आणला, आणि त्याच वर्षी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा 1956 साली भुईगावला सापडला. हा नववा लेख मंगलविधींवर आहे. आजारपणात, लग्नात, मूल झालं की, प्रवासाला निघताना लोक नाना प्रकारचे विधी करतात, त्यांचं फळ थोडं. त्यापेक्षा नोकरचाकरांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा मान राखणं, प्राण्यांच्या बाबतीत हात आवरणं हाच मोठा मंगलविधी, असा त्याचा आशय. लेखात बायकांच्या विधींवर जरा जास्तच बोट ठेवलंय, ते मला पटत नाही. माझ्या अनुभवात नऊ माशांवर श्रद्धा ठेवणारे बहुतेक पुरुष असतात, आणि तेही शिकलेले. पण बाकीचा लेख त्या वेटिंग रूममध्ये लावावा असा आहे.

आता माझ्याच संप्रदायाचं. ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात माउलींनी मायेसाठी बाबुळीचा, म्हणजे शेवाळाचा, दृष्टांत दिला आहे. पाण्यावर बाबुळी धरते आणि पाण्यालाच झाकून टाकते. आमच्याकडच्या सप्ताहात एका बुवांनी तो उलगडताना शंकराचार्यांच्या नावावरच्या विवेकचूडामणीचा दाखला दिला. तिथेही शेवाळच आहे, आणि सांगणं असं की बाजूला सारलेलं शेवाळ क्षणभरही बाजूला राहत नाही, परत येऊन पाणी झाकतं. तशी माया, तोंड फिरवलं की शहाण्यालाही घेरते. मांडवात सगळे गंभीर होते, मला मात्र हसू आवरेना. सारलेलं शेवाळ परत येतं हे मला कोणी वेगळं सांगायला नको, माझं महिन्याचं कॉन्ट्रॅक्ट त्यावरच चालतं.

घरी आल्यावर मात्र तो दृष्टांत डोक्यातून जाईना. कीर्तनात ऐकणारा काय धरून बसतो? वर घाणीचा पडदा, खाली शुद्ध पाणी. पडदा फेडा, झालं. माझ्या गिऱ्हाइकांचंही हेच म्हणणं असतं. पण माउलींची बाबुळी बाहेरून आलेली नाही, ती पाण्यातच उपजली आहे. टँक साफ करणाऱ्याला हा बारकावा चुकवून चालत नाही. काच मी कितीही खरवडली तरी शेवाळाचा खुराक पाण्यात विरघळलेला असतो. नायट्रेट, फॉस्फेट आणि वरून बारा-बारा तास जळणारी एलईडी. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर मग विचारायलाच नको.

टँकच्या रंगावरून मी घरातल्या सवयी ओळखतो. नव्या टँकमध्ये काचेवर आणि खडीवर तपकिरी थर धरतो, बोटानं पुसला तरी जातो. ते डायटम, नव्या संसारात येतातच, काही आठवड्यांत आपोआप कमी होतात. काचेवर घट्ट हिरवे ठिपके, जे ब्लेडशिवाय निघत नाहीत, तिथे दिवा फार वेळ चालू राहतो. सगळं पाणीच वाटाण्याच्या सारासारखं हिरवं, तर ऊन आणि जास्तीचा दाणा, दोन्ही. खडीवर निळसर-हिरवी, बुळबुळीत, वास मारणारी चादर असेल तर ते शेवाळ म्हणतात खरं, पण असतात जिवाणू, सायनोबॅक्टेरिया. आणि ज्या घरात तीन पिढ्या एकत्र राहतात तिथे प्रत्येक जण येता-जाता चिमूटभर दाणा टाकतो. माशांना भूक लागली असेल, हे प्रेम. त्या प्रेमाचा निम्मा भाग तळाशी कुजतो.

उपाय कंटाळवाणे आहेत. दिवा सहा ते आठ तास. दाणा दोन मिनिटांत संपेल एवढाच, आठवड्यातून एक दिवस उपास, एकादशी धरा हवं तर. दर आठवड्याला पाव हिस्सा पाणी पाइपनं खडीतला गाळ ओढत काढायचं आणि नवं, क्लोरीन काढलेलं भरायचं. स्पंज टँकमधून काढलेल्याच पाण्यात पिळायचा. वाढणारी पाणवनस्पती लावली तर शेवाळाच्या तोंडचा घास तीच खाते. मी हे सगळ्यांना सांगतो. ऐकणारे थोडे, आणि जे ऐकतात त्यांच्याकडच्या माझ्या फेऱ्या कमी होतात. धंद्याच्या दृष्टीनं पडदा फेडणारा वेदान्तच मला परवडतो.

हे सगळं माझ्यापुरतं एका जागी बसलं होतं. कारण काढा, काच आपोआप राहते. मग एका जैन कुटुंबाकडे काम मिळालं. नातवानं हट्ट करून अडीच फुटी टँक आणलेला. आजीला घरात सगळे बा म्हणतात, म्हणून मीही म्हणतो. पहिल्याच दिवशी बादली उचलली तशी त्यांनी विचारलं, "भाऊ, हे पाणी कुठे ओतता?"

मोरीत, म्हटलं. त्यांना ते चाललं नाही. त्यांच्या माहेरी विहिरीचं पाणी गाळून घेत, आणि गाळण्याच्या कापडावर राहिलेले जीव पुन्हा त्याच विहिरीत सोडत. त्याला जीवाणी म्हणतात. दुसऱ्या विहिरीतही नाही, त्याच. आता या टँकचं पाणी मूळचं सूर्या प्रकल्पाचं, धामणीच्या धरणातलं. मे महिन्यात टँकरचं किंवा बोअरचं. जीवाणी न्यायची कुठे? शेवटी बिल्डिंगच्या झाडांना घालायचं ठरलं. नायट्रेटचं पाणी, झाडं तरारली. तळमजल्यावरच्या काकूंनी मात्र आपल्या तुळशीला हात लावू दिला नाही. मासळीचं पाणी म्हणे. माझ्या गळ्यात त्याच तुळशीची माळ आहे, हे मी त्यांना सांगितलं नाही.

बांच्या लेखी पाणीसुद्धा सजीव, अप्काय. शेवाळ तर अनंतकाय, एका देहात अनंत जीव. मी पुसतो तो हिरवा डाग त्यांच्या हिशेबात एक वस्तीच आहे. विज्ञानानं पाहिलं तरी त्या फार चुकीचं बोलत नाहीत, एका थेंबात हजारो पेशी असतातच. आणि ज्या सायनोबॅक्टेरियाच्या वासानं मी नाक मुरडतो, त्यांच्याच पूर्वजांनी सोडलेला ऑक्सिजन सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी हवेत साठायला लागला, म्हणून पुढे मासे झाले आणि मासे पाळणारेही. माया म्हणून याला झटकून टाकणं मला त्या दिवसापासून जड जायला लागलं.

पण बांची मुख्य तक्रार शेवाळाची नव्हतीच, टँकचीच होती. त्यांनी मला उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय दाखवला. गृहस्थाच्या अहिंसेला डाग लावणाऱ्या पाच गोष्टी तिथे आहेत: कोंडणं, मारणं, अवयव तोडणं, जास्त ओझं लादणं आणि अन्नपाणी तोडणं. कोंडणं पहिलंच. मी म्हटलं, बा, यात जास्त खाऊ घालणं कुठेच नाही, आणि टँकमध्ये त्यानंच जास्त मरतात. त्या हसल्या, पण पुस्तक मिटलं नाही.

कोंडण्यावर माझ्याकडे एकच उत्तर होतं, तेही ऐकीव. शतपथ ब्राह्मणात मनूच्या ओंजळीत एक छोटा मासा येतो आणि म्हणतो, मला सांभाळ. मनू त्याला घड्यात ठेवतो. घडा पुरेना तेव्हा खड्ड्यात, खड्डा पुरेना तेव्हा समुद्रात. म्हणजे ठेवायला हरकत नाही, पण मासा वाढेल तसं भांडं वाढवायची तयारी हवी. आमच्याकडे तेवढंच नसतं. बोटाएवढा सकर मासा आणतात, तो काचेचं शेवाळ खाईल म्हणून. तो फूट-दीड फूट होतो. मग कोणी दयाळू माणूस म्हणतो, मनवेलपाड्याच्या तलावात सोडून देऊ, सुटेल बिचारा. मी अशा वेळी तो मासा स्वतः घेऊन दुकानात परत देतो. हा दक्षिण अमेरिकेतला मासा, टणक खवल्यांचा, काठात बिळं करणारा. देशातल्या अनेक जलाशयांत तो असाच कोणाच्या तरी दयेनं पोचला आणि आता तिथल्या मच्छीमारांची जाळी फाडतो.

काही जण त्याच्याही आधीची युक्ती काढतात: गोगलगाई आणा, त्या खातील, आपल्या हातानं नको. युक्ती जुनी आहे. 1850 साली लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टननं दोन गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरिया ही पाणवनस्पती एका भांड्यात ठेवली. कुजक्या पानांची बुळबुळ वाढली तशा त्यानं तळ्यातल्या गोगलगाई सोडल्या, आणि भांडं स्वच्छ राहिलं. समतोल टँकची कल्पना तिथून रूढ झाली. रसायनशास्त्र म्हणून उत्तम. पण पाप टाळायचं म्हणून गोगलगाय आणणं म्हणजे सुपारी देण्यासारखं झालं. बांनाही ते पटलं. गोगलगाय आपल्या भुकेनं खाईल तर खाऊ दे, त्यासाठी मुद्दाम आणायची नाही, असा त्यांचा निवाडा.

गेल्या पर्युषणाच्या आधी त्यांनी आठ दिवस काच न पुसण्याबद्दल सांगितलं. मला वाटलं, आता माझी पाळी. म्हटलं, पुसायची वेळच आणत नाही. तीन दिवस दिवा बंद ठेवतो, टँकवर जाड चादर टाकतो, शेवाळ आपोआप जाईल. ना ब्लेड, ना हात. कारणच काढून घ्यायचं. इतकी वर्षं मी हेच तर सांगत होतो.

बांनी थोडा विचार केला. "उजेड हाच त्याचा दाणा ना?"

हो म्हटलं.

"मग हे पाचवं झालं. अन्नपाणी तोडणं."

मी म्हटलं, मग दिवा रोज सहा तास ठेवला तरी उरलेल्या वेळेचा उपास घडतोच. त्या म्हणाल्या, रात्र सगळ्यांनाच असते, चादर घालणं वेगळं. नव्यानं वाढू न देणं एक आणि वाढलेल्याला उपाशी मारणं एक. गृहस्थाला शेवाळासारख्या एकेंद्रिय जीवांची हिंसा पुरती टाळता येत नाही हे त्यांनाही ठाऊक आहे. त्यांचा शास्त्रार्थ एवढाच की ती किती आणि कशासाठी, ते उघड्या डोळ्यांनी ठरवावं. मी बुद्धाचं नाव घेऊन कारणपरंपरा सांगायला गेलो, तर म्हणाल्या, परंपरा पुरी सांगा, दिवा कोणी लावला तिथपासून. नातू कानांत इअरफोन घालून बसला होता.

तेव्हापासून त्या घरी दिवा सहा तास असतो, दाणा फक्त बा टाकतात, चादर नाही. समोरची काच मी पुसतो, माशांवर लक्ष ठेवता यावं म्हणून. मागची आणि बाजूच्या दोन तशाच सोडल्या आहेत. त्यांवर बारीक हिरवी लव धरली आहे आणि मासे दिवसभर ती टोचत असतात. पैसे मात्र बा चारही काचांचे देतात, मी नको म्हटलं तरी.