जपले, पण वाचले का?



प्रत्येक घरात एक माळा किंवा एखादे कपाट असे असते की तिथल्या वस्तू वापरातही नसतात आणि टाकवतही नाहीत. बंद पडलेला कॉम्प्युटर, जाड पाठीचा मॉनिटर, कॅसेट, फ्लॉप्या. नाताळच्या साफसफाईत त्या खाली येतात. कोणीतरी धूळ झटकतो, "काय दिवस होते ते!" म्हणतो, आणि त्या पुन्हा वर जातात. माझ्याही कपाटात सेमिनरीतल्या दिवसांच्या चार फ्लॉप्या आहेत. एका फ्लॉपीत जेमतेम १.४४ मेगाबाइट मावायचे. आजच्या मोबाइलवरचा एक चांगला फोटोही तिच्यात बसायचा नाही. तरी ती 'खट्' करून आत बसायची तो आवाज आठवला की मन हळवे होते.

हे हळवे होणे चांगले की वाईट? पूर्वी मी म्हटले असते, त्यात काय वाईट आहे? पण मागे धुळ्यात एका घरी गेलो आणि या प्रश्नाने मला सोडले नाही. हे कुटुंब आपल्या धर्मग्रामातले नाही. त्यांच्या परवानगीने लिहितो आहे.

घरातल्या आजींनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा पुढे ठेवला. आत सात फ्लॉप्या होत्या. "फादर, ह्यांचं सगळं लिखाण यात आहे. हे गेल्यापासून मी कोणाला हात लावू दिला नाही." आजोबा शिक्षक होते. निवृत्तीनंतर जुना कॉम्प्युटर घेऊन मराठी टायपिंग शिकले होते. आता पुण्याहून आलेल्या मुलाने यूएसबीला जोडायचा फ्लॉपी ड्राइव्ह आणला होता. सातांपैकी चार फ्लॉप्या उघडल्याच नाहीत. तीन उघडल्या, पण पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता काला दिसला.

कारण साधे आहे. त्या काळचे बरेचसे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी अक्षरांचे तुकडे बसवत. कोणत्या जागी कोणता तुकडा, हे प्रत्येक कंपनीचे वेगळे असे. तो फॉन्ट मशीनवर नसेल, तर मजकूर असूनही वाचता येत नाही. आज आपण युनिकोड वापरतो. त्यात प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच क्रमांक असल्याने ही अडचण येत नाही.

मुलाने खटपट करून मजकूर बदलून घेतला. ते एक पत्र निघाले. आजोबांनी धाकट्या भावाला लिहिलेले. शेताच्या वाटणीवरून दोघांचे बोलणे तुटले होते. पत्रात आजोबांनी आपली चूक कबूल करून माफी मागितली होती. पत्र छापले गेले नव्हते, पाठवलेही नव्हते. आणि तो भाऊ चार वर्षांपूर्वीच वारला होता.

आजी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग एवढेच म्हणाल्या, "मी जपलं हो. पण वाचलं नाही."

आजींचे प्रेम खोटे होते का? मुळीच नाही. पण जपणे म्हणजे नक्की काय, हा प्रश्न त्यांनी आपल्या सर्वांपुढे ठेवला आहे. 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने एका आजाराचे नाव म्हणून बनवला. घरी परतण्याच्या ओढीने होणारे दुःख, असा त्याचा अर्थ. फ्लॉपी हातात घेऊन मी उसासा टाकतो तेव्हा मला आठवतो तो विशीतला मीच. स्मरण याहून वेगळे आहे. स्मरणात दुसरा माणूस असतो, आणि त्याला काही सांगायचे असते. संत आगुस्तीनने म्हटले आहे की गेलेला काळ कुठे साठून राहिलेला नसतो. आज कोणी आठवतो तेव्हाच तो असतो. डबा आठवत नाही. आठवावे माणसानेच लागते.

आपल्या खानदेशाला हे नवे नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव फिरून जुनी दप्तरे मिळवत. ती अनेक घराण्यांनी रुमालात बांधून जपलीच होती. राजवाड्यांनी ते रुमाल सोडले, मोडी कागद वाचले आणि १८९८ पासून खंडामागून खंड छापले. १९२६ च्या ३१ डिसेंबरला धुळ्यातच ते वारले. पुढच्याच वर्षी तिथे राजवाडे संशोधन मंडळ उभे राहिले. आणि जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी! त्यांना लिहिता येत नव्हते. जात्यावर, शेतात सुचलेली गाणी घरातल्यांनी ऐकली आणि वहीत उतरवली. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि १९५२ मध्ये पुस्तक आले. कोणी ऐकले नसते, तर ती गाणी त्यांच्याबरोबरच गेली असती.

कोणी म्हणेल, "फादर, सगळेच कसे वाचवणार?" नाहीच वाचवता येणार, आणि वाचवायची गरजही नाही. जुने मशीन खुशाल भंगारात द्या. त्यात पाप नाही. पण त्यात कोणाचा शब्द अडकला आहे का, हे आधी पाहा. वेळ थोडा आहे. सोनी कंपनीने जपानमधली फ्लॉपीची विक्री २०११ मध्येच थांबवली. ड्राइव्हही आता सहज मिळत नाहीत. आणि आपला मोबाइलही उद्याची फ्लॉपीच आहे, हे विसरू नका.

म्हणून या आठवड्यात माळ्यावरचा डबा खाली काढा. उघडत नसेल, तर घरातल्या तरुणांची मदत घ्या. तरीही उघडला नाही, तर घरातल्या वडीलधाऱ्यांपाशी बसा आणि विचारा. ते अजून आपल्यात आहेत, त्यांना कोणताही ड्राइव्ह लागत नाही.

आणि कोणाची माफी मागायची राहिली असेल, तर ती फाइलमध्ये ठेवू नका. आजच जाऊन भेटा.

त्या पत्राची छापील प्रत आजींनी दिराच्या मुलीला स्वतः नेऊन दिली. दोघी त्या दिवशी एकत्र जेवल्या.

– तुमचे धर्मगुरू