काही झालं नाही

आमच्या धंद्यात एक वाक्य फार चालतं. माल पोचला, बिल्टीवर सही-शिक्का झाला, की मालवाला विचारतो, ‘वाटेत काही झालं नाही ना?’ आपण म्हणायचं, ‘काही झालं नाही.’ तिथे विषय संपला. मी १९ वर्षं स्वतःची गाडी स्वतः हाकली. पेण, रोहा, पनवेल, कधी पुढे पुण्या-नाशिकपर्यंत. हे वाक्य किती वेळा बोललो असेन त्याची गणती नाही. पण जसजशी वर्षं गेली तसतसा मला या वाक्याचाच संशय यायला लागला. काही झालं नाही, म्हणजे केलेलं सगळं बरोबर होतं, असं धरायचं का? मी दहावी शिकलेला माणूस. पापपुण्याच्या पोथ्या मी वाचलेल्या नाहीत. जे काय डोक्यात आलं ते दोर आणि साखळ्या आवळताना आलं.

माल बांधायला मी ट्रकवर शिकलो नाही, बैलगाडीवर शिकलो. आमची जमीन खारेपाटातली. वर्षाला भाताचं एकच पीक. झोडणी झाली की पेंढा गाडीत भरून घरी आणायचा. पेंढ्याचा भार दिसायला फुलासारखा, पण भारी लबाड. तो गाडीच्या दोन्ही अंगाला हातभर बाहेर येतो, वाऱ्याने डुलतो, आणि बांधावरून गाडी उतरताना एका बाजूला कलला की चाकच उचलतो. बाबा भार बांधून झाला की गाडी पाच-पन्नास पावलं चालवायचे आणि थांबवायचे. मग पुन्हा दोर ओढायचे. पहिल्यांदा दोर कितीही ताणलेला असू दे, गाडी हलली की पेंढा बसतो, आणि पेंढा बसला की दोर ढिला होतो. मला तेव्हा कंटाळा यायचा. पुढे लोखंड वाहायला लागलो तेव्हा कळलं की सगळी विद्या या पन्नास पावलांतच आहे.

तोच पेंढा पुढे गणपतीच्या कामी यायचा. पेणचा गणपती सगळ्यांना माहीत आहे; हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या गावांत घराघरांत कारखाने आहेत. पाऊस लागायच्या आधीपासून मूर्ती बाहेर जायला सुरुवात होते. मी पुष्कळ गणपती वाहिले. ते भरताना बघण्यासारखं असतं. हौद्यात पेंढ्याची जाड गादी, दोन मूर्तींच्या मध्ये पेंढ्याचे जुडगे, मोठ्या मूर्तीला चारी बाजूंनी बांबूच्या कैच्या. दोर थेट मूर्तीला कधी लावायचा नाही, मध्ये कापड किंवा गोणपाट हवंच. बांधायचं ते पाटाला आणि कमरेला, हाताला नाही. हातच पहिला जातो. मुकुट, कान, सोंडेचं टोक, ही सगळी नाजूक ठिकाणं कारखानदार स्वतः उभा राहून दाखवतो. वरून ताडपत्री, आणि निघताना नारळ. वाटेत खड्डा दिसला की गाडी अशी उतरवायची की जणू आत बाळंतीण बसलीय. गणपतीची गाडी हळू चालली तर मागचे लोक हॉर्नसुद्धा कमी मारतात, हा माझा अनुभव आहे. उगाच नाही म्हणत.

इतकी काळजी का घेतो आपण? श्रद्धा आहे, खरंच आहे. खंडित मूर्ती पूजेला चालत नाही. पण दुसरंही एक कारण आहे, ते कोणी बोलत नाही. मूर्ती तुटली की नुकसान लगेच दिसतं, आणि ज्याचं नुकसान होतं तो माणूस समोर उभा असतो. कारखानदार भाड्यातून पैसे कापतो, तिकडे मंडळाची पोरं गाडीला गराडा घालतात. म्हणजे आपली काळजी अर्धी देवाला आणि अर्धी त्या उभ्या असलेल्या माणसाला.

आता कॉइल बघा. डोलवीला नव्वदीच्या दशकात पोलादाचा कारखाना उभा राहिला आणि आमच्या भागातल्या कितीतरी पोरांनी गाड्या घेतल्या. मीही जुनी दहाचाकी घेतली, फाळके काढून तिचा सपाट पाटा केला. कॉइल म्हणजे पोलादाचा पत्रा गुंडाळून केलेलं वेटोळं. एकेक १५-२० टनांचं, कधी त्याहून जास्त. ते चाकासारखं गोल आणि मधून पोकळ. त्याला कान नाही, कडी नाही, पकडायला जागा नाही. नवा माणूस म्हणतो, एवढं जड आहे, हे कुठे हलणार! इथेच माणूस फसतो. गाडीला ब्रेक आहे, कॉइलला नाही. चाळीसच्या वेगात चाललेली गाडी तुम्ही दाबून थांबवली तर गाडी थांबेल, कॉइल चाळीसनेच पुढे जायला बघेल. तिला अडवणारी फक्त साखळी, खालची पाचर आणि पाट्याचं घासणं. लोखंडावर लोखंड, त्यात पावसाचं पाणी नाहीतर तेल, म्हणजे घासणं जवळजवळ नाहीच. म्हणून खाली लाकूड किंवा रबर घालायचं, दोन्ही बाजूंनी पाचरी ठोकायच्या, आणि साखळ्या भोकातून ओवून फुलीसारख्या पाट्याला आवळायच्या. माझा एक भाचा शिकलेला आहे. त्याने मला युरोपातला हिशोब सांगितला. तिकडे पुढच्या अंगाला मालाच्या वजनाच्या दहापैकी आठ हिस्से जोर सोसेल अशी बांधणी लागते; बाजूला आणि मागे निम्मा. म्हणजे २० टनांची कॉइल असेल तर पुढे १६ टनांचा जोर. आणि आमच्याकडे कितीतरी गाड्या एका साखळीवर आणि देवाच्या भरवशावर जाताना मी पाहिल्यात.

कॉइल ठेवायच्या दोन रीती आहेत, आणि माझ्या मते सगळा प्रश्न या दोन रीतींत येऊन बसतो. कॉइलचं भोक उजव्या-डाव्या बाजूला ठेवलं तर ती सुटली की पुढे-मागे घरंगळते. पुढे म्हणजे थेट केबिनवर. अमेरिकेतले ड्रायव्हर या मांडणीला सरळ आत्महत्या म्हणतात. भोक केबिनकडे ठेवलं तर ती बाजूला घरंगळते, म्हणजे रस्त्यावर. शेजारून चाललेल्या मोटारसायकलवर, रिक्षावर, स्टँडवर उभ्या असलेल्या बाईवर. दोन्ही रीती बरोबर आहेत, बांधणी नीट असेल तर. पण आपल्याकडे पहिल्या रीतीने भरलेल्या गाडीचा ड्रायव्हर साखळ्या चारदा तपासतो. दुसऱ्या रीतीने भरलेली असली की तोच माणूस चहा पिऊन निघतो. माणूस तोच, साखळी तीच, वजन तेच. फरक एवढाच की मरणाचं तोंड दुसरीकडे फिरलं. मी कोणाला नावं ठेवत नाही. मला स्वतःच्या हातांतही हा फरक जाणवायचा, म्हणून तर मी दोन्ही वेळी मोजून सारखेच पीळ द्यायचा नेम केला होता.

गणपतीच्या गाडीमागे कारखानदार उभा असतो. कॉइलच्या साखळीमागे जो उभा असतो तो आपल्याला ठाऊकच नसतो. तो त्या वेळी घरी जेवत असेल, पोरीला शाळेत सोडत असेल. तो खारपाड्याच्या पुलावर आपल्या बाजूला येणार आहे हे त्यालाही माहीत नाही. त्याचं नाव बिल्टीवर नसतं. त्याच्या वतीने भांडायला मालवाला नाही, ट्रान्सपोर्टवाला नाही. साखळी आवळताना तिथे फक्त तुम्ही असता.

एकदा भर पावसात मी माल नाकारला. नेहमीची कॉइल बांधून झाली होती आणि मुकादम म्हणाला, अजून एक छोटी चढव. वजन पासिंगच्या वर जात होतं, पण खरी अडचण दुसरीच होती. ती छोटी कॉइल मागच्या टोकाला बसत होती, तिथे पाचर धरेल अशी जागा नव्हती. मुकादम म्हणाला, ‘अरे कळंबोलीपर्यंतच तर जायचंय, दीड-दोन तासांचा रस्ता.’ मी नाही म्हटलं. मग त्याने मोठीपण उतरवायला लावली आणि दोन्ही दुसऱ्या गाडीवर चढवल्या. ती गाडी पेण, कर्नाळ्याची खिंड, पळस्पे करत कळंबोलीला सुखरूप पोचली. दुसऱ्या दिवशी त्याने चहाच्या टपरीवर सगळ्यांसमोर मला विचारलं, ‘काय शेठ, काही झालं का?’ सगळे हसले. पुढचे १५ दिवस मला त्याच्याकडून भाडं मिळालं नाही.

तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढे पुष्कळ दिवस डोक्यात घोळत राहिलं. रात्री खाचराला पाणी बघायला मी बॅटरीशिवाय बांधावरून जातो. शंभर रात्री गेलो, साप चावला नाही. म्हणून बांधावर साप नाहीत असं होतं का? साप आहेतच, माझा पाय त्यांच्यावर पडला नाही एवढंच. आणि बांधावर निदान पाय माझा असतो. ती छोटी कॉइल वाईट ठेवली होती ती कळंबोलीला पोचल्यावरही वाईटच ठेवलेली होती. पोचण्याने ती चांगली झाली नाही. चुकीचं काम ती गाडी सुटतानाच होऊन गेलं होतं, पुढे काय होणार ते खड्ड्यांच्या आणि नशिबाच्या हातात राहिलं. आणि याच्या उलटही असतं. एखाद्याने सगळं नीट केलेलं असतं, साखळीच्या कडीत आतून भेग असते, ती बाहेरून दिसत नाही, आणि माल जातो. लोक त्याला केबिनमधून ओढून मारतात. टपरीवर हसणारे आणि रस्त्यावर मारणारे, दोघांचाही हिशोब एकच असतो. झालं की नाही झालं.

कायदाही बऱ्याचदा तिथेच सुरू होतो. १९३९च्या मोटार वाहन कायद्याने तिऱ्हाइताचा विमा सक्तीचा केला, चांगलं केलं. पण तो माणूस गेल्यावरचा हिशोब. २०१४ साली गाडीच्या मागे सळया बाहेर काढून नेण्याला बंदी आली. हा नियम मला आवडतो, कारण तो कोणी मरायची वाट बघत नाही. तरी लाल फडकं बांधलेल्या सळया अजून दिसतात. २०२४च्या जानेवारीत नव्या कायद्यावरून ड्रायव्हर लोकांनी गाड्या उभ्या केल्या, पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. भांडण होतं अपघातानंतर पळून जाणाऱ्याला किती वर्षं शिक्षा यावर. जमावाच्या भीतीने ड्रायव्हर पळतो हे त्यांचं म्हणणं मला पटतं. पण त्या सगळ्या दिवसांत पारावर, नाक्यावर मी जी चर्चा ऐकली ती अपघातानंतरचीच. गाडी भरताना काय करायचं यावर एक शब्द नाही.

रोह्याकडचा एक तरुण ड्रायव्हर, धाटाव एमआयडीसीतून केमिकलचे पिंप भरणारा, मला एकदा म्हणाला, ‘मामा, माल त्यांचा, घाई त्यांची, वजन त्यांनी वाढवलं, भाडं त्यांनी पाडलं. बांधायला तास लागतो त्याचे पैसे कोणी देत नाय. मग पाप एकट्या माझ्या डोक्यावर का?’ मी त्याला सांगितलं की शेवटचा हात तुझा आहे. बाकीच्यांनी कितीही चुका केल्या असल्या तरी तुझ्या हाताला त्या अजून थांबवता येतात, तुझ्यानंतर कोणाला येत नाहीत. तो म्हणाला, ‘बरोबर. पण तुमच्या घरात भात होता.’

हे मला लागलं, कारण ते खरं होतं. त्या १५ दिवसांत आमच्या घरी चूल थांबली नाही. कणगीत वर्षाचं भात होतं. गाडीचा हप्ता थकला, पण पोरं उपाशी राहिली नाहीत. त्या पोराची जमीन त्याच्या आज्याच्या वेळीच गेलेली. त्याला सगळं विकत, आणि गाडी कर्जाची. २००८ साली सेझच्या वेळी पेण तालुक्यात २२ गावांचं मत घेतलं गेलं, तेव्हा आम्ही जमीन का सोडायची नाही याची पुष्कळ कारणं बोललो. आईसमान आहे, पोटाला देते, पुढच्या पिढीचं काय. एक कारण तेव्हा कोणालाच सुचलं नाही, मलाही नाही: घरात भात असला की मुकादमाला नाही म्हणता येतं.

म्हणून त्याने तशीच गाडी भरावी असं मी म्हणू शकत नाही. पिंप सुटलं तर भिसे खिंडीतल्या माणसाला त्याचा हप्ता काय सांगणार? पण जो मुकादम, जो मालवाला बांधणीच्या तासाचे पैसे देत नाही, तो टपरीवर बसून स्वतःला या सगळ्यातून बाहेर समजतो, तेही मला मान्य नाही. त्याचाही हात त्या साखळीला लागलेला आहे. त्याला तो दिसत नाही, एवढंच.

आता माझी गाडी नाही. ती विकून नऊ वर्षं झाली. भाच्याने ट्रेलर घेतलाय. त्याने भाडं सांगताना बांधणीचे पैसे वेगळे सांगायला सुरुवात केली आहे. निघाल्यावर दहा-पंधरा किलोमीटरवर थांबून साखळ्या पुन्हा आवळतो, ते माझ्याकडून घेतलेलं. दोन मालवाले पैसे देतात. बाकीचे म्हणतात, ‘दुसरी गाडी बघतो.’ या महिन्यात त्याच्या तीन खेपा गेल्या. आत्याकडून तांदळाचं एक पोतं घेऊन गेला परवा. पैसे देत होता, मी घेतले नाहीत.