नातवंडांवरचा वटाव

शंभर वर्षांनी जन्मणाऱ्या माणसाचं दुःख आजच्या माणसाच्या दुःखाइतकंच धरायचं का? प्रश्न कीर्तनकाराने विचारावा असा. पण त्यावर कडाक्याचं भांडण झालं ते अर्थशास्त्रज्ञांत, आणि तेही टक्केवारीवरून.

2006 मध्ये निकोलस स्टर्न यांनी ब्रिटिश सरकारला हवामानबदलाचा सुमारे 700 पानी अहवाल दिला. उत्सर्जन आवरायला दरवर्षी जागतिक उत्पन्नाचा साधारण 1 टक्का लागेल. हातावर हात ठेवून बसलं तर नुकसान 5 ते 20 टक्क्यांच्या घरात जाईल, असा त्यांचा हिशेब. येल विद्यापीठातल्या विल्यम नॉर्डहाउस यांचा मुख्य आक्षेप होता तो वटाव दरावर. मुदतीआधी हुंडी वटवताना रक्कम कापतात, तसं उद्याचं नुकसान आजच्या पैशात मांडताना किती कापायचं, हे तो दर ठरवतो. स्टर्न यांनी धरला 1.4 टक्के, नॉर्डहाउस यांनी साडेपाचच्या आसपास.

फरक किरकोळ वाटेल, पण आकडेमोड करून पाहावी. शंभर वर्षांनी समुद्र गावात शिरून 1 कोटीचं नुकसान होणार असेल, तर ते टाळायला आज सुमारे 25 लाख खर्चणं स्टर्न यांच्या दराने परवडतं. नॉर्डहाउस यांच्या दराने तोच आकडा 47 हजारांवर येतो. 47 हजारांत बंधारा सोडाच, त्याचा नकाशाही कुणी काढून देणार नाही.

म्हणून नॉर्डहाउस यांना खलनायक ठरवणं मात्र अन्यायाचं होईल. हवामानाचा प्रश्न त्यांनी 1970 च्या दशकातच अर्थशास्त्रात आणला. 2018 चं नोबेल त्याच कामासाठी मिळालं. त्यांची भिस्त नव्या तंत्रज्ञानावर आणि वाढत्या संपत्तीवर आहे. नातू आजोबांपेक्षा श्रीमंत असणार, मग आजोबांनी पोटाला चिमटा का घ्यायचा? ढाक्यात जन्मलेले, केंब्रिजचे पार्थ दासगुप्ता पर्यावरणाचे कैवारी, पण त्यांनीही स्टर्न यांची हजेरी घेतली. स्टर्न यांची गृहीतकं एका साध्या प्रतिमानात घातली, तर आजच्या पिढीने उत्पन्नातले 97.5 टक्के बाजूला टाकावेत असं उत्तर निघतं, हे त्यांनी दाखवून दिलं. ज्या देशात अजून कित्येकांचं हातावर पोट आहे, तिथे हा आक्षेप हसण्यावारी नेता येत नाही.

तंत्रज्ञानावरचा विश्वासही अगदीच भाबडा नाही. 2010 नंतरच्या दशकात सौर पॅनेलच्या किमती सुमारे 90 टक्क्यांनी घसरल्या. पण ही स्वस्ताई आभाळातून पडली नव्हती. सौरवीज महाग होती तेव्हाच जर्मनीने 2000 च्या कायद्याने ती चढ्या दराने विकत घेण्याची हमी दिली, पुढे चीनने कारखाने उभारले. कुणीतरी आधी पदरमोड केली, म्हणून बाकीच्यांना स्वस्त मिळालं. पुढे शोध लागतीलच असं म्हणत सगळेच थांबले असते, तर ते लागलेही नसते.

केंब्रिजच्या फ्रँक रॅम्झीने 1928 मध्येच म्हणून ठेवलं होतं, की केवळ नंतरचं आहे म्हणून एखादं सुख कमी मोजणं नीतीला धरून नाही. आपली कल्पनाशक्ती तोकडी पडते म्हणून आपण तसं करतो. हा विलक्षण तरुण 26 व्या वर्षी गेला. आपल्या परंपरेत तैत्तिरीय संहिता तीन ऋणांविषयी बोलते, त्यांतलं पितरांचं ऋण फिटतं ते संततीने. त्या वचनाचा रोख वंश चालवण्यावर आहे, कर्बवायूवर नाही. ओढूनताणून अर्थ लावण्यात हशील नाही. तरी कर्जाची ही दिशा विचार करण्याजोगी आहे: घेतलं मागच्यांकडून, फेडायचं पुढच्यांकडे. नातू श्रीमंत निघणार म्हणून त्यात सूट मागायची सोय नाही.

खरा घोळ आहे तो सगळ्याच नुकसानाला एकच दर लावण्यात. पूल पडला तर नवा, कदाचित आणखी चांगला, बांधता येतो. तिथे वटाव लावायला हरकत नसावी. सह्याद्रीतली एखादी बेडकाची जात नष्ट झाली, तर कितीही श्रीमंत नातू ती विकत आणू शकत नाही. तिथे दर शून्याच्या जवळच हवा. ब्रिटनच्या अर्थखात्याने 2003 मध्ये निदान अर्धी वाट चालून दाखवली: पहिल्या तीस वर्षांना 3.5 टक्के, पुढे उतरत उतरत तीनशे वर्षांपलीकडे 1 टक्का.

आपल्याकडे एखाद्या प्रकल्पाची जनसुनावणी लागली की चर्चा रोजगाराच्या आकड्यांवर रंगते. पुढच्या वेळी माईक हातात आला, तर फायद्या-तोट्याच्या हिशेबात वटाव दर किती धरला आहे आणि तो कुणी ठरवला, एवढं आधी विचारा.