ढवळीचा पाय

शास्त्रवाचन : उत्पत्ती ३३:१२-१४, २ शमुवेल ४:४, ९:१-१३, १६:१-४, १९:२४-३०



सुरतेहून हजिऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर इच्छापोर लागते. म्हणायला गाव, पण रस्त्यावर रात्रंदिवस मालमोटारी आणि पलीकडे कारखान्यांचे दिवे. पोटापाण्यासाठी नवापूरकडून आलेली आमच्यासारखी काही मराठी कुटुंबे इथे राहतात. आमच्या भाड्याच्या घरामागे थोडे परस आहे. तिथे माझ्या पत्नीने चार बदके पाळली आहेत, एक नर आणि तीन माद्या. त्यांतल्या पांढऱ्या मादीला मुलांनी ढवळी हे नाव दिले. आज मला तिच्या पायाविषयी लिहायचे आहे. वाचकांपैकी कोणी म्हणेल, प्रवचनाला दुसरा विषय मिळाला नाही काय? मिळाले असते. परंतु गेले कित्येक महिने देव माझ्याशी याच विषयावर बोलत आहे, तेव्हा माझा इलाज नाही.

गुजरातेत संक्रांतीला उत्तरायण म्हणतात आणि दुसऱ्या दिवसाला वासी उत्तरायण. दोन्ही दिवस आकाशात पतंगच पतंग. काचेची पूड लावलेला मांजा झाडांवर, तारांवर, कुंपणावर लोंबत राहतो. नायलॉनच्या मांज्यावर २०१७ साली बंदी आली, तरी तो पुरता गेलेला नाही. गेल्या वासी उत्तरायणाच्या संध्याकाळी ढवळी कुंपणाच्या कोपऱ्यात बसून राहिलेली दिसली. मांजा तिच्या उजव्या पायाला तीन-चार वेढे घालून होता आणि त्याचे दुसरे टोक कुंपणाच्या तारेत अडकले होते.

त्या संध्याकाळी एका घरी प्रार्थनासभा होती आणि वक्ता मीच होतो. बगलेत पवित्र शास्त्र, अंगात धुतलेला सदरा, आणि घड्याळात सात वाजत आलेले. मी वाकलो, एका हाताने ढवळीचा पाय धरला, तिला तशीच उचलली आणि दुसऱ्या हाताने दोरा ओढला. पत्नी मागून म्हणत होती, "अहो, ओढू नका. आधी बघा तरी कुठे गुंतलाय!" पण तोवर दोरा कातडीत गेला होता. बदक ओरडले, पंख आपटले आणि माझ्या सदऱ्यावर रक्ताचे थेंब उडाले. पत्नीने कात्री आणून बाहेरचा दोरा कापला. मी सदरा बदलला आणि सभेला गेलो. त्या दिवशीचा विषय उत्तम मेंढपाळ हा होता. संदेश बरा झाला असे लोक म्हणाले.

गुजरात सरकार २०१७ पासून दर जानेवारीत पतंगाच्या दोऱ्याने जखमी झालेल्या पक्ष्यांसाठी करुणा अभियान चालवते. ठिकठिकाणी उपचाराची सोय असते. दुसऱ्या दिवशी अर्धी रजा काढून ढवळीला तिथे नेले. कामावरचे लोक हसले. आपल्या मंडळीतले एक गृहस्थ म्हणाले, "कापून खाल्ले असते तर रजा वाचली असती." बदक खाण्याला माझी हरकत नाही, मी काही शाकाहारी नव्हे. परंतु ज्याला खायचे त्यालाही दुखते, हे आपण विसरतो. नीतिमान मनुष्य आपल्या जनावराच्या जिवाची काळजी वाहतो असे नीतिसूत्रे १२:१० मध्ये आहे. वैऱ्याचे गाढवदेखील ओझ्याखाली पडलेले दिसले तर मदत केल्याशिवाय पुढे जाऊ नये, असे निर्गम २३:५ सांगते. आणि शब्बाथ दिवशी विहिरीत पडलेला बैल तुम्ही लगेच काढणार नाही काय, असे प्रभूने शास्त्र्यांना विचारले तेव्हा त्यांच्याजवळ उत्तर नव्हते (लूक १४:५, ६).

खरे तर या बाबतीत सुरतेने आपल्याला शिकवावे. सतराव्या शतकाच्या अखेरीस ओव्हिंग्टन नावाचा एक इंग्रज चॅप्लेन इथे आला होता. त्याचे प्रवासवर्णन १६९६ साली छापून निघाले. म्हाताऱ्या, लंगड्या व आजारी जनावरांसाठी चालवलेले इस्पितळ त्याने या शहराच्या वर्णनात नमूद केले आहे. आपल्या लोकांतही असे कोणी झाले नाहीत असे नाही. १८२४ साली लंडनमध्ये प्राण्यांचा छळ थांबवण्यासाठी संस्था स्थापन झाली, तिचा पहिला सचिव आर्थर ब्रूम हा पाळकच होता आणि संस्थेच्या कर्जापायी तो तुरुंगातही गेला.

असो. उपचाराच्या ठिकाणी एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी पहिला प्रश्न केला तो, बदक जखमी आहे की आजारी? बाकीची बदके मलूल आहेत काय? हा प्रश्न आम्हा नवापूरच्या माणसांना समजावून सांगावा लागत नाही. २००६ च्या फेब्रुवारीत भारतात बर्ड फ्लू प्रथम सापडला तो आमच्याच तालुक्यात. तेव्हा लाखो कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. परसातल्या चार-दोन पाळणाऱ्यांच्याही सुटल्या नाहीत. २०२१ साली तो पुन्हा आला. म्हणून पाखराला हात लावण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुण्याची सवय आमच्या घरात मुलांनाही आहे.

डॉक्टरांनी ढवळीला टॉवेलात गुंडाळले, जखम कोमट मिठाच्या पाण्याने भिजवत ठेवली आणि बराच वेळ नुसते पाहत राहिले. मग बारीक चिमट्याने दोऱ्याचा एकेक तुकडा काढला. मी पाय घट्ट धरायला गेलो तेव्हा म्हणाले, "धीमे, काका, धीमे." मग विचारले, "दोरा ओढला कोणी?" मी सांगितले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले की दोऱ्याने कातडी कापली होती, पण आतल्या शिरेला इजा झाली ती ओढण्याने.

बंधूंनो, हे वाक्य घेऊन मी घरी आलो.

बदकाच्या पायाची शुश्रूषा कशी करतात ते त्या दिवशी कळले. संडे स्कूलच्या शिक्षकांना मुलांपुढे सांगता येईल म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. बदकाला कधीही पायाने उचलू नये. त्याचे पाय अंगाच्या मानाने फार नाजूक असतात. दोन्ही हातांनी पंख अंगाशी धरून खालून आधार द्यावा. मागे वाकलेला गुडघा म्हणून जो आपल्याला दिसतो तो खरे पाहता घोटा असतो. गुडघा वर पिसांत दडलेला असतो. म्हणजे ज्या अवयवाचे नावही मला ठाऊक नव्हते तो मी ओढत होतो! माणसाच्या गोळ्या पाखराला देऊ नयेत. खाली भाताचा पेंढा घालावा आणि तो रोज बदलावा, कारण ओल्यात जखम चिघळते. खाण्याजवळच पाणी ठेवावे, कारण पाण्यावाचून बदकाला घास गिळता येत नाही. आणि ते भांडे नाकपुड्या बुडतील इतके खोल असावे, नाहीतर डोळे व नाक चिकटतात. कोंबडीच्या खाद्यात बदकाला लागणारे एक जीवनसत्त्व, नायसिन, कमी पडते. म्हणून डॉक्टरांनी वाळवलेल्या यीस्टची पूड मिसळायला सांगितली.

वेगळे ठेवावे, पण एकटे ठेवू नये. सोबत्यांपासून तुटलेले बदक खाणे सोडते. आणि सोबत्यांत तसेच सोडले तर ते त्याला टोचतात, नर त्रास देतो. आम्ही मधे जाळी लावली. जाळीपलीकडे तिघे, अलीकडे ढवळी. रात्री ती चौघे जाळीला टेकून झोपत.

जखम भरल्यावर टबात कोमट पाणी घेऊन तिला रोज दहा मिनिटे सोडत असू. पाण्यात अंगाचा भार पायावर पडत नाही, म्हणून दुखरा पाय आपोआप हलू लागतो. पहिल्या दिवशी ती नुसती तरंगत राहिली. चौथ्या दिवशी उजव्या पायाचा पडदा उघडलेला पत्नीने पाहिला आणि मला हाक मारली.

तिसऱ्या आठवड्यात मात्र वेगळीच गोष्ट झाली. डॉक्टरांनी दाखवायला बोलावले होते. त्यांनी ढवळीला उलटी करून आधी डावा पाय पाहिला. मी म्हटले, "साहेब, दुखरा उजवा आहे." ते म्हणाले, "म्हणूनच डावा बघतो." डाव्या तळव्याला कुरूपासारखा काळा खपला धरला होता. उजव्याचा सगळा भार तोच वाहत होता. आणि आम्ही तीन आठवडे त्याच्याकडे पाहिलेसुद्धा नव्हते!

आता शास्त्राकडे वळू. योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ पाच वर्षांचा असताना इज्रेलाहून बातमी आली की शौल व योनाथान पडले. त्याच्या दाईने त्याला उचलले आणि पळ काढला. घाईत मूल पडले आणि दोन्ही पायांनी अधू झाले. त्याला शत्रूने पांगळे केले नाही. जी त्याला वाचवू पाहत होती, तिच्याच हातून तो पडला. तिचे नावही शास्त्रात नाही. पुढे ती कशी जगली असेल याचा विचार मी आधी कधी केला नव्हता, हल्ली करतो.

पुढे दावीद राजाने त्याला लोदबाराहून आणवले आणि आपल्या पंक्तीस बसवले. हा भाग आपण संडे स्कूलमध्ये शिकवतो आणि इथेच थांबतो. परंतु पुढे वाचा. अबशालोमाच्या बंडात दावीद पळत असताना सीबा गाढवे व भाकरी घेऊन आला आणि म्हणाला, मफीबोशेथ तुमचे राज्य बळकावण्याची वाट पाहत बसला आहे. दावीदाने चौकशी केली नाही. जागच्या जागी सगळी मालमत्ता सीबाला देऊन टाकली. घाई! ज्याला दाईच्या घाईने पाय गमवावे लागले, त्याला राजाच्या घाईने जमीन गमवावी लागली. राजा परतला तेव्हा मफीबोशेथ भेटायला आला. राजा गेल्या दिवसापासून त्याने पायांची निगा केली नव्हती, दाढी नीट केली नव्हती, कपडे धुतले नव्हते. दावीदाने जमीन अर्धी अर्धी वाटून विषय संपवला. मला तो निवाडा कधीच पुरता पटला नाही. चूक उमगलेल्या माणसाने केलेली ती अर्धी दुरुस्ती वाटते. मफीबोशेथ मात्र म्हणाला, सगळीच त्याला घेऊ द्या. राजा सुखरूप आला हे पुरे.

याच्या उलट याकोबाकडे पाहा. एसाव म्हणाला, चल, बरोबर जाऊ. याकोब म्हणाला, मुले कोवळी आहेत, मेंढरे व गाई पाजत्या आहेत. एक दिवस जरी फार हाकले तरी सारा कळप मरेल. मी त्यांच्या चालीने हळूहळू येतो. तारुण्यात याच याकोबाने भावाचा ज्येष्ठपणा व आशीर्वाद घाईने हिसकावला होता. त्याला ही चाल कुठून आली? मागचा अध्याय पाहा. याब्बोकच्या उताराशी रात्रभर झोंबी झाली आणि सकाळी तो लंगडत निघाला. लेकरांच्या चालीने चालणे त्याला त्या दिवसापासून जमू लागले असावे, असे मला वाटते.

आता जे सांगायचे आहे ते सांगतो. आमच्या सहभागितेत एक तरुण होता. तो कर्जात गुंतला. त्याची ओळख पटेल असे मी इथे काही लिहीत नाही. ती चूक एकदा करून झाली आहे. त्याने मला एकट्याला विश्वासाने सांगितले. मी त्याच आठवड्याच्या प्रार्थनासभेत नाव घेऊन त्याच्यासाठी प्रार्थना मागितली, वर्गणीची थाळीही फिरवली. मला वाटले, मी त्याला वाचवतो आहे. तो खाली मान घालून बसला होता. शेवटचे गीत होण्याआधी उठून गेला, आणि पुन्हा आला नाही. लोक म्हणाले, विश्वासात कच्चा होता. मीही तसेच म्हणालो. कर्जाने त्याला कापले होते खरे. पण शिरेपर्यंत इजा कशाने झाली?

त्याची आई मात्र दर रविवारी येते. दारात प्रत्येक जण तिला विचारतो, "मुलगा कसा आहे? येत का नाही?" ती हसून काहीतरी सांगते. दिवसभर घरी साड्यांना टिक्क्या लावून ती त्याचे हप्ते फेडते, हे आम्हाला वर्षभर ठाऊक नव्हते. तू कशी आहेस, असे कोणी विचारले नाही. डावा तळवा कोणी पाहिला नाही. ज्या दिवशी डॉक्टरांनी ढवळीचा डावा पाय पाहिला, त्याच संध्याकाळी माझी पत्नी त्या माउलीकडे गेली आणि तिच्याशेजारी बसून दोन तास टिक्क्या लावून आली. प्रार्थना केली काय, असे मी विचारले. पत्नी म्हणाली, "नाही. तिचे डोळे दुखत होते, म्हणून काम केले."

मला तिथे जायला आणखी महिना लागला. ही घाई न करण्याची सद्बुद्धी नव्हती, भीती होती. शेवटी एका गुरुवारी कामावरून सुटल्यावर गेलो. पवित्र शास्त्र मुद्दाम घरी ठेवले. तो ओट्यावर बसला होता. मला पाहून उठला, आत जाईल असे वाटले, पण खुर्ची घेऊन आला. मी म्हटले, "त्या दिवशी सभेत तुझे नाव घेतले, ते चुकले माझे." तो काही बोलला नाही. त्याच्या आईने चहा आणला. अर्धा पेला झाल्यावर त्याने विचारले, "काका, आई म्हणत होती तुमच्याकडे एक बदक आहे. ते वाचले का?"

"वाचले," मी म्हटले. "पाय अजून ओढते. नवव्या अध्यायाच्या शेवटी मफीबोशेथही..." आणि मी थांबलो. तो किंचित हसला.

"चालते ना पण?"

"चालते. बाकीची तिघे तिच्यासाठी थांबतात."

सभेचा विषय मी काढला नाही, त्यानेही काढला नाही. निघताना त्याने फाटकापर्यंत येऊन कडी काढून दिली. पुढच्या गुरुवारी पुन्हा जाणार आहे.