शेतात घातलेलं, शेतात आलेलं

नवी मुंबईच्या वसाहतींत सध्या ‘विषमुक्त भाजी’ला फार मान आहे. शेतीवर बोलणारी शहाणी माणसंही आता एकच सिद्धांत मांडू लागली आहेत: ग्राहकाने जाणतेपणाने चार पैसे जास्त मोजले, की शेतकरी आपसूक रसायनं सोडेल आणि शेती टिकाऊ होईल. हे ऐकायला गोड आहे. पण तळोज्यात शेती कशी होते आणि कशी संपते हे पाहिलेल्या माणसाला ते पटणार नाही.

पनवेलच्या या पट्ट्यात टिकाऊ शेती बाहेरून आणावी लागली नव्हती. भात कापलं की खाचरात उरलेल्या ओलीवर वाल पेरायचा. त्याला ना पाट लागतो, ना खताची गोणी. उलट त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरून ठेवतात, त्याचा फायदा पुढच्या भाताला होतो. थंडीत त्याच शेंगांची मडक्यात भाजलेली पोपटी लागायची, सुकवलेला वाल वर्षभर बिरड्याला पुरायचा. ही शेती ग्राहकाच्या उदासीनतेमुळे मोडली नाही. वालाला आजही गिऱ्हाईक आहे. ती मोडली जमीन गेली म्हणून. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांची जमीन शहरासाठी ठरली, तळोज्यात एमआयडीसी आली. १९८४ मध्ये जमिनीच्या मोबदल्यासाठीच्या जासईच्या आंदोलनात पाच जणांनी प्राण दिले आणि पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं तत्त्व मान्य झालं. हा इतिहास वाचकाला ठाऊक आहे. मला त्यातून एवढंच घ्यायचं आहे की भरपाई भूखंडाची झाली, शेतीची झाली नाही.

यावर उत्तर मिळतं, गेलं ते गेलं, उरलेल्या जमिनीवर चांगला भाव मिळाला तर शेतकरी बदलेल. पण बदलायला काय लागतं? एनपीओपी या राष्ट्रीय सेंद्रिय प्रमाणीकरणात हंगामी पिकांना रूपांतराची किमान दोन वर्षं धरली आहेत, बहुवार्षिक पिकांना तीन. तेवढा काळ उत्पन्न घटण्याचा धोका पत्करायचा आणि पूर्ण सेंद्रिय मालाचा शिक्का मात्र मिळायचा नाही. हे कोण करेल? तिसऱ्या वर्षी तीच जमीन हाताशी असेल तो. विमानतळाभोवतीच्या नैना या नियोजन क्षेत्रातल्या ज्या मालकाला नगररचना परियोजनेत मूळ जमिनीच्या ४० टक्के एवढाच भूखंड परत मिळणार आहे, त्याने शेणखत कुठल्या भरवशावर टाकायचं? आणि मोकळ्या जागेत पालक, माठ, मुळा लावणारा तर अनेकदा मालकही नसतो. तोंडी बोलीवर हंगामापुरती जमीन कसतो. मातीतला कर्ब वर्षानुवर्षांनी वाढतो, त्याची मुदत मात्र पुढच्या जुडीपर्यंतची असते. त्याला उद्या दुप्पट भाव द्या, तो त्याच हंगामात जास्त जुड्या काढील. यात अज्ञान नाही आणि लोभ तर नाहीच. त्याच्यापुढचा हिशेबच तसा आहे.

चांगल्या भावाने सगळं सुटेल म्हणणारी मंडळी या मुदतीबद्दल कधी बोलत नाहीत. ती इतकी तोकडी का, याला इतिहास आहे. याच जिल्ह्यात चरीच्या शेतकऱ्यांनी १९३३ पासून सहा वर्षं खोतांविरुद्ध संप केला. पुढे कूळकायदा आला, १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी कसणारा मालक ठरला. त्या विजयाचं मोल मी तसूभरही कमी मानत नाही. पण तेव्हापासून कुळाचा हक्क लागेल या भीतीने मालक लेखी करार टाळतात आणि आजचा कसणारा कागदावर कुठेच नसतो. ज्याचं नाव सातबाऱ्यावर नाही, त्याला प्रमाणपत्र कोण देणार?

पाण्याचं तर भावाशी काही नातंच नाही. कासाडी नदी तळोज्याच्या कारखान्यांना लागून वाहते. २०१७ मध्ये कारखान्याच्या रंगाने इथले कुत्रे निळे दिसू लागले तेव्हा देशभर छायाचित्रं छापून आली. नदीचं प्रकरण पुढे हरित लवादात गेलं. सांडपाण्यातले शिसे, कॅडमियम यांसारखे जड धातू मातीत बसतात, कुजून नाहीसे होत नाहीत, आणि पालेभाज्या ते फळभाज्यांपेक्षा जास्त शोषून घेतात. अशा काठावर एखाद्याने फवारणीचा थेंबही वापरला नाही तरी त्याची मेथी निर्मळ होणार नाही. सेंद्रियाचे नियम बाहेरून येणाऱ्या प्रदूषणाचा विचार करतात, पण त्यापासून शेत राखायची जबाबदारी शेतकऱ्यावरच टाकतात. बांध घालून शेजाऱ्याची फवारणी थोडीफार अडवता येईल. नदी कशी अडवायची?

म्हणून मला फरक करावासा वाटतो तो शेतात घातलेल्याचा आणि शेतात आलेल्याचा. घातलेल्याला शेतकरी जबाबदार आहे: खत, औषध, बियाणं. आलेलं दुसऱ्यांनी ठरवलेलं असतं: पाणी, धूर, भूसंपादनाची नोटीस, कराराची मुदत. आपली सगळी चर्चा, सगळे शिक्के आणि सगळा नैतिक दबाव घातलेल्यावर आहे. दलाल हटवा म्हणणाऱ्यांचंही तेच. फळं-भाजीपाला २०१६ मध्येच बाजार समितीच्या नियमनातून मोकळा झाला, तरी नदी तशीच आहे.

कीटकनाशकांचे अवशेष खरे आहेत आणि ग्राहकाची काळजी रास्त आहे, हे मी नाकारत नाही. पण ती काळजी शेतकऱ्याच्या हातापाशी थांबते, तिथून वर नदीकडे आणि सरकारी दप्तराकडे जात नाही. पावसाळ्यात रस्त्याकडेला शेवळं, कंटोळी, टाकळा घेऊन बसणाऱ्या कातकरी बाईला आपण भाजी स्वच्छ आहे का विचारतो. ती कुठे बसते, किती वेळा उठवली जाते, हे विचारत नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने नैसर्गिक बाजार, म्हणजे विक्रेते आणि गिऱ्हाईक पूर्वापार जमतात त्या जागा, मान्य केले आहेत; तिच्या बैठकीला तो आधार मिळायला हवा.

पनवेल महापालिकेच्या हद्दीत राहणाऱ्या वाचकांनी नगरसेवकाकडे तीन गोष्टी मागाव्यात: भाजी पिकवणाऱ्या जागांच्या माती-पाण्याची तपासणी सरकारी खर्चाने व्हावी आणि तिचे आकडे बाजारात लावले जावेत, वर्षानुवर्षं रिकाम्या असलेल्या सार्वजनिक जमिनी कसणाऱ्याला किमान पाच वर्षांच्या लेखी कराराने मिळाव्यात, आणि हंगामी भाजीवालीला बसायची ठरलेली जागा द्यावी. हे होईपर्यंत जास्त भाव जरूर द्या, पण त्याने शेती टिकेल असं कुणाला सांगू नका.